माणसं लावायची सकाळ

रविवारी सकाळी सव्वासातला नाट्यगृहात तंबोरे लागले आणि मग माणसं लावायला सुरुवात झाली. त्याशिवाय कुमुदिनीबाई गात नाहीत. बशीरचाचा पहिल्या रांगेपासून येतात, प्रत्येकाचा कान खुंटीसारखा जरासा पिळतात, खांद्यावर टिचकी मारतात आणि ऐकतात. माणूस वाजतो. सुरात आला की चाचा पुढं सरकतात. कुणी नुसताच ठोकळ्यासारखा वाजला तर तंबोऱ्याच्या तारेखाली ठेवतात तसा त्याच्या जिभेखाली सुताचा धागा ठेवतात, मग तोही घुमतो. चाचांचं तंबोऱ्यांचं दुकान आमच्याच गल्लीत आहे, मिरजेत.

माझ्या शेजारी मालूआत्या होती. दवाखान्यातली रात्रपाळी संपवून थेट आली होती, तरी पहिल्या टिचकीत लागली. ती पंचमात वाजते.

मग माझा नंबर आला.

"माझा कान पिळायचा नाही," मी म्हटलं.

"का बेटा?" चाचांनी विचारलं.

"नववीत सरांनी पिळला होता."

"मग?"

"मी चावले त्यांना. परत शाळेत गेलेच नाही."

चाचांनी हात मागं घेतला. "बाई, तिसऱ्या रांगेत एक राहिली," असं स्टेजकडं सांगून ते चौथ्या रांगेला लागले.

आठ वाजता सगळं नाट्यगृह घुमत होतं. पंखेसुद्धा. मी एकटीच खडखडत होते. माझे पाय जन्मापासून गप्प नाहीत, खुर्चीचा नट ढिला होईपर्यंत हलतात. फक्त गेल्या दिवाळीत, याच बाईंनी पहिला सा लावला तेव्हा ते थांबले होते. अर्धा तास थांबले होते. मला तो सा परत पाहिजे होता, म्हणून तर आंघोळ करून पाचलाच तयार झाले होते.

बाईंनी तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं. वाट बघत बसल्या. भिंती गोल व्हायला लागल्या, तंबोऱ्याच्या भोपळ्यात आतून दिसतात तशा. रांगा जवळ आल्या. मागच्या रांगेतल्या काकांचे गुडघे माझ्या पाठीला लागले.

"लावून घे की गं एकदाचा कान," काका म्हणाले. "सकाळचा राग आहे. दुपारी का गायचा त्यांनी?"

"तुमचा पिळलाय ना दोनदा?" मी म्हटलं. " बसा गप."

"दोनदा नाही, तीनदा," त्यांच्या बायकोनं सांगितलं. "घरी पण बेसूरच असतात."

सगळे हसले. तीनशे माणसं एकाच सुरात हसली. छत आणखी हातभर खाली आलं.

आत्या माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "मी पिळू का? हळू."

"तू पण नाही."

"मग दार बघ."

दार खिडकीएवढं झालं होतं. बघता बघता ड्रॉवरएवढं झालं. जायचं तर आत्ताच, नाहीतर कान द्यायचा. मी उठले. दारातून आत आलेल्या उन्हात बशीरचाचा उभे होते, आणि त्यांच्या कानांवर लाकडाचा भुसा होता. पातळ थर, कुठंही न मोडलेला. एका बोटाचीसुद्धा खूण नव्हती त्यावर.

"चाचा, तुम्हाला कोण लावतं?"

घुमणं थांबलं.

"मला कुणी नाही लावलं," ते म्हणाले.

"कधीच?"

"कुणी विचारलंच नाही."

ते माझ्यासमोर खाली बसले आणि कान पुढं केला. मी भुसा फुंकला. दिवाळीचा सा आठवला आणि तिथं येईपर्यंत कान हळूच वर चढवला. खांद्यावर टिचकी मारली. चाचा असे वाजले की पहिल्या रांगेतल्या एका आजोबांची शाल खाली पडली.

चाचांनी डोळे मिटून सगळं नाट्यगृह ऐकलं. "या अल्ला," ते म्हणाले, "सगळेच सुरातून उतरलेत."

"मी?"

"तुला सोडून."

मग आत्यानं कान पुढं केला. काकांनी दोन्ही केले. मी रांगेनं लावत गेले, कुणाला दुखू दिलं नाही. तंबोरे चाचांनी परत लावायला घेतले. शेवटच्या माणसापाशी पोचले तेव्हा दार शर्टाच्या बटणाएवढं होतं आणि त्यातून उन्हाची एक सरळ तार स्टेजपर्यंत गेली होती. तिच्या कडेकडेनं मी वर चढले.

कुमुदिनीबाईंचं तोंड अजून उघडंच होतं. त्यांनी केस मागं सारले.

"आता मी," त्या म्हणाल्या.

मी त्यांचा कान धरला. गरम होता. एवढासा फिरवला, तर माझाच कान, कुणी हात न लावता, फिरायला लागला. दुखत नव्हता. मी खाली बघितलं. माझे पाय थांबले होते, आणि बाईंनी श्वास घेतला.