डावा बंद

"हाही डावा बंद," बाई म्हणाल्या आणि तिसरा ट्रे माझ्या टेबलावर सरकवला. "चिमट्या, आज तुझं काही खरं नाही. सगळा लॉटच नासका आलाय."

ट्रेमध्ये चाळीस प्लेअर होते आणि त्यातल्या छत्तीसांवर लाल पट्टी चिकटवलेली होती. पट्टीवर बाईंच्या बारीक, सरळ अक्षरात 'डावा बंद'. म्हणजे डाव्या कानात आवाज येत नाही, उघडा आणि दुरुस्त करा. उघडणारा आणि दुरुस्त करणारा मी. खिशात कायम चिमटा असतो म्हणून चिमट्या. नाव बाईंनीच ठेवलं होतं आणि ते असं चिकटलं की पगाराच्या रांगेतसुद्धा लोक त्याच नावाने हाक मारायचे.

आमचा कारखाना गाणी ऐकायचे छोटे प्लेअर बनवायचा. काडेपेटीहून जरासे मोठे, प्लास्टिकचे, स्वस्तातले. ज्याला भारीतला परवडत नाही तो आमचा घ्यायचा आणि दोन वर्षांनी बटण दबेनासं झालं की आमच्या नावाने बोटं मोडायचा. मोडेना का. तेवढी दोन वर्षं तर त्याने गाणी ऐकली.

शेवटची तपासणी बाईंची. हेडफोन लावायचा, प्लेअर जोडायचा, बटण दाबायचं आणि ऐकायचं. ऐकताना त्या मान किंचित उजवीकडे कलती करायच्या आणि डोळे मिटायच्या. तपासणीचा आवाज ठरलेला होता. कुणा जुन्या इंजिनियरने अंतराळातल्या कुठल्याशा सिनेमातून तो कापून घेतला होता, आणि तो इंजिनियर नोकरी सोडून गेला तेव्हा सिनेमाचं नावही सोबत घेऊन गेला. एक यान डाव्या कानात घरघरत येतं, डोक्याच्या मधून जातं आणि उजव्या कानात विरतं. मग एक बाई दोन्ही कानांत हळूच म्हणते, "ऐक, दार उघडण्याआधी..." आणि तिथेच आवाज तुटतो.

अकरा वर्षं, दिवसाला शेकडो वेळा, बाईंनी ते अर्धं वाक्य ऐकलं होतं. डबा खाताना आमचा हा कायमचा विषय. दार उघडण्याआधी काय? पॅकिंगमधली एक पोरगी म्हणायची, दार उघडण्याआधी मला एकदा जवळ घे. आमचे सुपरवायझर, ज्यांना आम्ही पाठीमागे घड्याळ म्हणायचो, ते म्हणायचे, दार उघडण्याआधी हजेरी लाव. बाई हसायच्या, पण स्वतःचं काही सांगायच्या नाहीत.

"मला बनवलेलं नको," म्हणायच्या. "एवढी वर्षं ती बया माझ्या कानाशी लागलीय. तिचं पुरतं ऐकल्याशिवाय मी काही मरायची नाही."

नव्या माणसाला ऐकायचं कसं, हे बाईच शिकवायच्या. आवाज किंचित फाटला तरी सोल्डरचा कुठला टाका कच्चा आहे ते त्या सांगायच्या, आणि तो टाका लावणाऱ्या पोरीचा हात त्या दिवशी घाईत होता का, हेही. मी उघडून बघायचो तर तसंच. मला मनातून राग यायचा, कारण मी डोळ्यांनी आणि मीटरने जे शोधायचो ते त्या डोळे मिटून सांगायच्या. त्या कानांच्या जोरावर बाईंनी एकटीने मुलगी वाढवली, शिकवली. दुसरं काही हाताशी नव्हतं त्यांच्या.

तर त्या दिवशी मी छत्तीसच्या छत्तीस उघडले. एकातही काही नव्हतं. टाके चकचकीत, वायरी जागच्या जागी. माझ्या कानाला लावले तर यान व्यवस्थित डावीकडून येऊन उजवीकडे गेलं. वाटलं, उघडताना हात लागून सुटलेला टाका बसला असेल. होतं असं कधीकधी. दुसऱ्या दिवशी दोनशे आले.

"हेडफोन बदलून बघितला?" मी विचारलं.

"सकाळीच नवा घेतला. तेच," बाई म्हणाल्या. "आणि माझ्याही कानात जरा दडा बसलाय. सर्दी असेल."

मला वेगळीच शंका आली. चहाच्या सुट्टीत बाई उठल्यावर मी त्यांच्या टेबलापाशी गेलो, त्यांच्या हेडफोनची पिन उघडली आणि आतल्या डाव्या-उजव्या वायरी अदलाबदल करून पुन्हा जोडल्या. पाच मिनिटांचं काम. आता प्लेअरमधला डावा आवाज त्यांच्या उजव्या कानात जाणार होता, उजवा डाव्या कानात. बाई आल्या, बसल्या, डोळे मिटले. तासाभराने ट्रे आला. सगळ्यांवर लाल पट्टी, आणि त्याच सरळ अक्षरात पुन्हा 'डावा बंद'.

"परत डावाच बघ," बाई वैतागून म्हणाल्या. "हा लॉट काय झोपेत बनवलाय?"

दोष प्लेअरमध्ये असता तर आता 'उजवा बंद' यायला हवं होतं. प्लेअर सगळे चांगले होते. बाईंचा डावा कान गेला होता. हे मला कळलं होतं आणि त्यांना नव्हतं.

सांगायला हवं होतं. आज कुणीही सांगेल की सांगायला हवं होतं, मीसुद्धा. पण त्याच महिन्यात घड्याळसाहेब एका मशीनचं कौतुक करत फिरत होते. मशीन स्वतःच ऐकतं, दमत नाही, डबा खायला उठत नाही. बाईंच्या कानाचं कळलं असतं तर संध्याकाळपर्यंत त्यांची खुर्ची रिकामी झाली असती. हे एक कारण. दुसरं कारण एवढं भलं नाही. या बाईला तिचा कान गेलाय असं तोंडावर सांगणारा माणूस मला व्हायचं नव्हतं. मी घाबरलो.

मी वायरी पुन्हा होत्या तशा केल्या आणि बाईंना म्हणालो, "बाई, सोल्डरच कच्चं होतं. सगळे टाके परत लावले मी. आता येईल आवाज."

त्यांनी मोठा श्वास सोडला. "वाटलंच मला. नाहीतर मी म्हटलं, माझाच कान गेला की काय. उद्या डॉक्टरकडे जाऊन यायचं ठरवत होते."

"तुमचा कान?" मी हसलो. खरंच हसलो मी. "तुमचा कान गेला तर कारखान्याला कुलूप लावावं लागेल."

त्याही हसल्या. दुसऱ्या दिवशी डॉक्टरकडे गेल्या नाहीत.

पुढचे दोन महिने मी लाल पट्ट्या सोलून चांगले प्लेअर गुपचूप पुढे ढकलत राहिलो. मग हळूहळू पट्ट्या कमी झाल्या. एकदा मान वर करून बघितलं तर बाई प्रत्येक प्लेअर दोनदा ऐकत होत्या. आधी हेडफोन सरळ, मग उलटा करून. दोन्ही बाजूंचं काम एकटा उजवा कान करत होता. त्यांना कळलं होतं तर. माझी नजर दिसताच त्यांनी हेडफोन झटकन सरळ केला आणि मी खाली बघून उगाच चिमटा शोधू लागलो.

पण दोनदा ऐकायचं म्हणजे दुप्पट वेळ. घड्याळाच्या ते लक्षात आलं नसतं तरच नवल. त्यांनी बाईंना बोलावून घेतलं, आरडाओरडा केला नाही, उलट स्वतः ओळखीच्या डॉक्टरची चिठ्ठी दिली. बाई अर्ध्या दिवसाची रजा घेऊन गेल्या आणि चहाच्या वेळेला परत आल्या.

"डावा गेलाय," बाकावर बसत म्हणाल्या. "पुरता. आतली नस गेली म्हणे, सर्दीबिर्दी काही नाही. डॉक्टर विचारत होते, कधीपासून? मी म्हटलं, झाले दोन-अडीच महिने. म्हणाले, बाई, पहिल्या आठ-दहा दिवसांत आला असतात तर औषधाने कदाचित परत आला असता. कदाचित म्हणाले हं. नक्की असं काही नाही."

मी माझा चहाचा कप उचलला आणि परत ठेवला.

"तेव्हा जाणारच होते बघ मी," त्या म्हणाल्या. "मग तू म्हणालास सोल्डर कच्चं आहे, म्हटलं चला, आपला कान धड आहे. तुझी तरी काय चूक? तुला जे दिसलं ते तू सांगितलंस."

चहा गार झाला होता. मी तसाच प्यायलो.

मशीन आलं. घड्याळसाहेबांनी बाईंना पॅकिंगला बसायला सांगितलं, अगदी अजिजीने. बाई म्हणाल्या, "नको साहेब. माझ्यासमोर ते मशीन चुकेल आणि मला गप्प बसवणार नाही." शेवटच्या दिवशी त्यांनी हेडफोनची वायर नीट गुंडाळली, खिळ्याला अडकवली, टेबल पुसलं आणि गेल्या. मी फाटकापर्यंत सोडायला गेलो. वाटेत त्यांनी मला स्वतःच्या उजव्या बाजूला घेतलं आणि मुलीला नोकरी लागल्याचं सांगितलं. मी बरं झालं म्हणालो. आणखी काही म्हणायची तयारी करत होतो तेवढ्यात फाटक आलं.

त्यानंतर मी अंतराळातले सिनेमे बघायला लागलो. मला असल्या सिनेमांची आवड नाही. माणसं पांढरे पोशाख घालून तरंगतात आणि गंभीर चेहऱ्याने आकडे बोलतात, त्यात बघायचं काय? पण ते अर्धं वाक्य कुठल्या ना कुठल्या सिनेमात पुरं असणारच, आणि बाईंना द्यायला माझ्याकडे दुसरं काही नव्हतं. दर सुट्टीला एक, कधी दोन. बायको म्हणाली, "उतारवयात हे काय नवं खूळ?" मी म्हटलं, कामाचं आहे. अंतराळात इतकी दारं असतील असं मला वाटलं नव्हतं. दर दुसऱ्या सिनेमात कुणीतरी दार उघडत होतं, पण यानाची घरघर ती नव्हती. आठ महिने गेले. एका रविवारी दुपारी यान डावीकडून आलं आणि मी खुर्चीत ताठ झालो. मग ती बाई बोलायला लागणार, एवढ्यात मी आवाज बंद केला. आधी मी ऐकणं बरोबर नव्हतं.

आमच्या कारखान्याने तेव्हा इवलासा पडदा असलेला प्लेअर काढला होता, त्यात सिनेमाही चालायचा. त्यात तो सिनेमा भरून मी बाईंच्या घरी गेलो. मुलगी कामावर गेलेली. बाई पलंगावर बसून कपड्यांच्या घड्या घालत होत्या. उजव्या हाताच्या स्टुलावर कपड्यांचा ढीग होता, म्हणून मी डाव्या बाजूच्या खुर्चीत बसलो.

"काय आणलंस?" त्यांनी मान पुरती वळवून विचारलं.

"तुमची ती बया सापडली," मी मोठ्याने म्हणालो.

त्यांच्या हातातला टॉवेल तसाच राहिला. मग त्यांनी तो घडी करून बाजूला ठेवला आणि पदराने चष्मा पुसला.

हेडफोन एकच होता, कानात घालायचा, आखूड वायरीचा. उजवं बोंड त्यांनी आपल्या उजव्या कानात घातलं, डावं मी माझ्या कानात. वायर पुरावी म्हणून मला खुर्ची पलंगाला चिकटवावी लागली. त्यांनी सवयीने मान कलती केली, मग आठवण येऊन डोळे उघडे ठेवले. पडद्यावर काळोख होता आणि चार तारे. माझ्या कानात घरघर सुरू झाली. वाढली, जवळ आली, आणि मग माझ्या कानातून निघून गेली.

"आलं," बाई म्हणाल्या.

मग ती पडद्यावर दिसली. आम्हाला वाटायची तशी तरुण नव्हती, थकलेली, केस पिकलेली होती. समोर तिचा मुलगा असावा, बाहेर पडायच्या तयारीत. ती म्हणाली, "ऐक, दार उघडण्याआधी हातमोजे घाल."

बाई थांबल्या. पुढे आणखी काही येईल म्हणून थांबल्या. आलं नाही.

"हातमोजे?" म्हणाल्या. "अकरा वर्षं मी हातमोजे ऐकायला जीव टाकत होते?" आणि त्यांना असं हसू फुटलं की डोळ्यांतून पाणी आलं. मीही हसलो. मग डोळे पुसत त्या म्हणाल्या, "पण बरं केलं हो तिने. दार उघडायच्या आधी सांगितलं. मागून सांगून काय उपयोग?"

सिनेमा पुढे चालू होता. त्या बघत होत्या. मी त्यांच्या डाव्या कानाशी होतो, वीतभर अंतरावर. कुठल्या कानाशी आहे हे मला पक्कं ठाऊक होतं, आणि आवाजही मी मुद्दाम खाली ठेवला.

"बाई, सोल्डर कच्चं नव्हतं," मी म्हणालो. "मला त्याच दिवशी कळलं होतं. वायरी मीच बदलून बघितल्या होत्या. माहीत असून मी खोटं बोललो."

त्यांनी मान वळवली नाही. पडद्यावर पुन्हा काळोख आला. मला हलकं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. चोरासारखं वाटलं.

बाईंनी बटण दाबून सिनेमा थांबवला. उजव्या कानातलं बोंड काढून प्लेअरसोबत पलंगावर ठेवला. मग हात लांबवून स्टुलावरचे कपडे उचलले आणि स्वतःच्या मांडीवर घेतले.

"काहीतरी बोललास तू," म्हणाल्या. "पडद्याच्या काचेत तुझे ओठ हलताना दिसले. या बाजूला ये आणि परत सांग."

मी उठलो. माझ्या कानातलं बोंड काढायचं राहिलं होतं, ते वायर ताणून आपोआप निघालं. पलंगाला वळसा घालून मी स्टुलावर जाऊन बसलो. बाईंनी मान किंचित माझ्याकडे कलती केली आणि डोळे मिटले.