मामा तुरुंगात, पेटी माझ्या गळ्यात

“ती बटणांची पेटी माझ्या बँडमध्ये? चेने, हा नाचाचा हॉल आहे, आजोबांचं तेरावं नाही!” ड्रागोमामा स्टेजवरून ओरडला.

“ह्याच पेटीवर आजोबांनी तुला पोसलं,” आजोबांचं जुनं, बटणांचं अकॉर्डियन छातीशी धरून मी म्हटलं.

“आणि तू शाळा सोडून काय पोसलंस? केस?”

बँडवाले खिदळले. हसा. मला वाजवायचा होता फक्त आजोबांचा एक वॉल्ट्झ. आजोबा गेले तेव्हापासून त्यांची पेटी या हॉलमध्ये वाजलीच नाही. पण मामा आता अमेरिकन झालाय ना! पियानोच्या पट्ट्यांचं अकॉर्डियन, शेजारी सॅक्सोफोन, की झालं, सगळं क्लीव्हलँड शहर खिशात. गाणी स्लोव्हेनियन, गप्पा इंग्लिश. त्याही नाकातून.

आज आम्हा अमेरिकेतल्या स्लोव्हेनियन लोकांचा द्राक्षांचा नाच, सुगीचा सण. छताला घड टांगतात, नाचता नाचता चोरायचे. सापडलात तर आपलाच कुणीतरी पोलीस बनून तुम्हाला कोपऱ्यातल्या लाकडी तुरुंगात टाकतो. दंड भरा, सुटा. घड बाजारातले, पण चोरताना सगळ्यांची तोंडं अशी, जणू बँक फोडतायत.

मामाला वाटतं, बँडवाल्याला कायदा नसतो. दोन गाण्यांच्या मधे त्याने खुर्चीवर चढून मस्तपैकी एक घड तोडला. आजचा पोलीस येर्नेय मागेच उभा.

“चल आत.”

“अरे, मी वाजवायला आलोय!”

“मग दंड भर आणि वाजव.”

“एक पैसा देणार नाही. तत्त्वाचा प्रश्न आहे.”

आमच्या घरात तत्त्व पाकिटातच राहतं. मामा गजाआड गेला, बाकीचा बँड बिअरकडे. स्टेज रिकामं. मी पेटी गळ्यात घातली.

पहिल्याच ओळीला बोटं घसरली. तरी पहिल्या रांगेतली म्हातारी पोलोनाआजी उठली, नवऱ्याला ओढत. मग बाकीच्या म्हाताऱ्या. मग त्यांच्या सुना.

“डाव्या हाताचा बेस चुकतोय!” तुरुंगातून आवाज.

मी वाजवत राहिलो.

“भाता हळू ओढ, गाढवा! माझे बाबा तिथे श्वास घ्यायचे!”

हळू ओढला. च्यायला, बरोबर होतं. बघतो तर मामाचा पाय फळीवर ठेका धरतोय, आणि तोंड मात्र एरंडेल प्यायल्यासारखं.

वॉल्ट्झ संपला तसा तो ओरडला, “येर्नेय, भरतो दंड! सोड!”

पोलोनाआजीने येर्नेयच्या खिशात नोट कोंबली. “हा त्याचा दंड नाही हं. त्याला अजून तासभर आतच ठेव.”

येर्नेयने नोट चाचपली आणि तुरुंगाच्या दारात खुर्ची टाकून बसला. कायदा म्हणजे कायदा.

सॉसेजचा तुकडा तोंडात टाकायला मी स्टेजवरून उतरलो, तर मामा गजातून म्हणतो, “चेने, बाबांची ती पोल्काची धून येते तुला? ती... जरा जलद घे.”

“मामा, कैद्यांनी फर्माईश करायची नसते.”

तिकडे पोलोनाआजी पुढचं गाणं हवं म्हणून स्टेजवर हात आपटतेय. मला जायला हवं आता.