गनमेटलचा व्हॉल्व्ह

नसीरने व्हॉल्व्हचं चाक अर्धा फेरा फिरवलं आणि फरशीवर गुडघे टेकलेले तसेच ठेवून मान वर करून काचेकडे बघितलं. पेटीतलं पाणी आधी थरथरलं, मग एका बाजूने दुसऱ्या बाजूला वाहू लागलं. तळाची वाळू उडाली नाही. मधल्या काळ्या दगडावर मिटून बसलेल्या गोळ्यांपैकी एकाने तोंड सैल केलं, आतून जांभळट झिरमिळ्या बाहेर आल्या आणि पाणी नेईल तिकडे डुलायला लागल्या.

"उघडलं," हाफीजचाचा म्हणाले.

ते हळूच बोलले होते. पण तीस वर्षं जहाजाच्या इंजिनखोलीत काढलेल्या माणसाचं हळू बोलणं पौडच्या एस्टी स्टँडापर्यंत ऐकू जायचं. स्वयंपाकघरातून त्यांच्या बायकोने, चाँदबीने, विचारलं, काय उघडलं म्हणून.

नसीर उठला नाही. चाक पाव फेरा मागे, पुन्हा जरासं पुढे, असं करत त्याने दुसरं समुद्रफूल उघडवलं, मग तिसरं. शेतीपंपाचा मिस्त्री म्हणून त्याचं तालुक्यात नाव होतं. पन्नास फूट विहिरीत उतरून पंप बसवणारा हा माणूस गेला दीड महिना एका चार फुटी काचेच्या पेटीशी झुंजत होता. पहिल्या खेपेला त्याने सवयीप्रमाणे दणकट पंप लावला, तेव्हा वाळू, शिंपले आणि एक पट्टेरी मासा एकदमच हवेत गेले. मासा चाँदबीच्या अंथरुणावर सापडला. तेव्हापासून ती नसीरपुढे चहाचा कप जरा आपटूनच ठेवायची.

पण नसीरने चंग बांधला होता. त्याने लहान पंप आणला, पाईप रुंद केला, टोकाला आडवी नळी लावून तिला ओळीने भोकं पाडली. पेटीतलं जादा पाणी खालच्या टबात उतरायचं आणि पंप ते पुन्हा वर चढवायचा. वेग हातात राहावा म्हणून मधे त्याने दुकानातला सगळ्यात भारी व्हॉल्व्ह बसवला, गनमेटलचा. पंपाचा आतला पंखाही गनमेटलचाच. खारं पाणी लोखंडाला महिन्याभरात खातं, हे त्याला हाफीजचाचांनीच सांगितलं होतं. जहाजावर समुद्राचं पाणी खेचणारं सगळं सामान गनमेटलचं असायचं म्हणे.

चाचा मूळचे श्रीवर्धनचे. नोकरी संपली तेव्हा चाँदबीने त्यांना स्पष्ट सांगितलं की, तीस वर्षं तुमच्या गावात बसून मी तुमची वाट बघितली, आता तुम्ही माझ्या गावात येऊन बसा. हिशेब चोख होता, चाचांना वाद घालता येईना. ते मुकाट्याने पौडला आले आणि मग समुद्रच घरी आणायच्या मागे लागले. पुतण्या ओहोटीला खडकांवर जायचा, फुलं धरलेला एखादा दगड सुटा करायचा आणि समुद्राच्या पाण्याच्या कॅनांबरोबर मासळीच्या ट्रकवर पुण्याला पाठवायचा. पहिली खेप साचलेल्या पाण्यात मेली. ही दुसरी खेप, अकरा फुलांची. तिसरी येणार नव्हती, कारण पुतण्या मस्कतला निघून गेला होता, आणि एका म्हाताऱ्याच्या हौसेपायी खडकांवर गुडघे फोडून घेणारं दुसरं कोणी नव्हतं. ही अकरा गेली की चाचांचा समुद्र संपला.

आठवडाभर अकराही उघडी राहिली. शेजारपाजारचे बघून गेले. तलाठी बघून गेला, आणि हे शाकाहारी की मांसाहारी, असं विचारून गेला.

नवव्या दिवशी काचेला चिकटलेली गोगलगाय सुटून खाली पडली. दुसऱ्या दिवशी दगडाच्या सापटीतला खेकडा पाय वर करून सापडला. मग फुलं मिटायला लागली. मासे मात्र मजेत होते, आणि त्यांनीच नसीरला चकवलं. पाण्यात दोष असता तर मासे आधी मेले असते, असं त्याने धरलं आणि दोष वेगाचा ठरवला. त्याने व्हॉल्व्ह आणखी उघडला. फुलं आणखी आक्रसली. त्याने पूर्ण उघडला. दोन फुलं दगडावरून सुटली आणि वाळूत चिंचोक्यांसारखी पडून राहिली.

हाफीजचाचा रागावले असते तर बरं झालं असतं. ते म्हणायला लागले की चूक आपलीच, उन्हाने आटलेलं पाणी भरून काढायला आपण विहिरीचं पाणी घातलं, तेच बाधलं असेल. मग म्हणाले, राहू दे, समुद्र काय पेटीत राहतो का! आणि हे ते खरोखरच हळू म्हणाले. समोर बसलेल्या नसीरलाही कान द्यावा लागला.

त्याने पंप बंद केला, व्हॉल्व्ह आणि पंपाचा पंखा सोडवला, आत काही अडकलंय का ते बघावं म्हणून दोन्ही पेपरात गुंडाळून घरी आणले आणि उंबऱ्याजवळ ठेवून जेवायला बसला.

त्याचे वडील अलाउद्दीन भिंतीला टेकून बसले होते. आब्बा कल्हईवाले. पिरंगुटपासून मालेपर्यंत आणि सगळ्या रिहे खोऱ्यात त्यांनी भाता खांद्यावर टाकून गावं पालथी घातली होती, आणि लहान नसीरने पारापारावर बसून तो भाता ओढला होता. काजळीने काळं झालेलं तोंड घेऊन शाळेत गेलं की पोरं काय काय म्हणायची, ते नसीर विसरला नव्हता. मोटर वाइंडिंगचं दुकान टाकलं तेव्हा त्याने त्या धंद्याचं नावही मागे ठेवलं. वडील काय करतात, असं कोणी विचारलं तर तो म्हणायचा, घरीच असत्यात. आणि आता ते खरंही होतं. घरोघर स्टील आलं होतं. दोन वर्षांत आब्बांना एका पातेल्याचंही बोलावणं नव्हतं.

आब्बांनी पेपर उलगडला. व्हॉल्व्हच्या तोंडात बोट घालून फिरवलं आणि बाहेर काढून उजेडात धरलं. बोटाला हिरवं लागलं होतं.

"ह्यातनं काय जातं?"

"पानी. समिंदराचं."

"म्हंजी खारं."

"व्हय, खारंच की."

"आनि त्या पान्यात जीव हायेत."

नसीरचा घास हातात राहिला.

"गंजत न्हाई म्हनून लावलाय, आब्बा. जहाजावर बी ह्योच असतोय."

"भांड्याला काय व्हतं ते बघितलंस," आब्बा म्हणाले. "पान्याला काय व्हतं ते बघितलंस का?"

नसीरने घास ताटात ठेवला. बिनकल्हईच्या पितळेत ताक ठेवलं की कळकतं, हिरवं होतं, पोटात गेलं तर माणूस आडवा होतो. हे तालुक्यातली कुठलीही बाई झोपेत सांगेल. दारोदार आब्बा बायांना विचारायचे ते त्याला जसंच्या तसं ऐकू आलं : ताक ठेवता का ह्यात? चिंच घालता? मीठ किती वेळ राहतं? भाता ओढता ओढता हजार वेळा ऐकलेलं. आणि गनमेटल म्हणजे तरी काय, तांबंच की निम्म्याहून जास्त. कल्हईवाल्याच्या पोराने खाऱ्या पाण्यात उघडं तांबं घातलं, आणि फुलं मरतात बघून ते विषच आणखी जोरात फिरवलं. त्याला इतकी लाज वाटली की त्याने बायकोकडे, जोहराबीकडे, बघायचंही टाळलं.

थोड्या वेळाने तो म्हणाला, "मग कल्हई करा की ह्याला. पंख्याला बी करा."

आब्बांनी त्याच्याकडे बघितलं. मग गुडघ्यांवर हात देऊन उठले. खाटेखालून भाता निघाला, डब्यातून नवसागराची पुडी निघाली, कथलाची कांडी निघाली. जोहराबीने न सांगता अंगणात कोळसे पेटवले. आब्बांनी डोक्याला फडकं बांधलं आणि त्यांच्या हालचालींत असा काही नेटकेपणा आला की नसीरला ते दहा वर्षांनी तरुण वाटले. त्याला बरं वाटलं. आपण आब्बांना काम दिलं, असं त्याच्या मनात येऊनही गेलं.

आब्बांनी व्हॉल्व्हचा तुकडा तुकडा सुटा केला. चकती हातात घेतली, तिच्या बैठकीवर बसवली, फिरवली, काढली, पुन्हा फिरवली. पंख्याच्या पात्यांवरून अंगठा फिरवला. कोळसे लाल झाले होते. भाता ओढायला नसीर पुढे सरकला.

"न्हाई व्हनार," आब्बा म्हणाले.

"का? कथील हाय की."

"कथील हाय. पन ही चकती रोज घासनार, त्यो पंखा रोज फिरनार. चार म्हैन्यात कल्हई उतरंल. बायांना मी सांगत हुतो, भांडं लाल दिसाय लागलं की घिऊन या. ह्या फुलांना कोन सांगनार?"

"मग घालू काय? लोखंड टिकत न्हाई."

आब्बांनी नवसागराची पुडी पुन्हा होती तशी बांधली. कोळशांवर राख ओढली.

"पलॅस्टिक घाल," ते म्हणाले. "जितं लोखंड लागंल तितं स्टील घाल."

जोहराबीने चमकून मागे बघितलं. जुन्या साड्या देऊन तिने बोहारणीकडून स्टीलची ताटं घेतली, त्याला सात वर्षं झाली होती. आब्बांनी एकदाही त्यांत जेवण घेतलं नव्हतं. भांड्यांच्या दुकानावरून जावं लागू नये म्हणून ते मशिदीला लांबच्या बोळातून जायचे. स्टील हा शब्द त्या घरात त्यांच्यादेखत कोणी काढत नसे. आता तो त्यांनी स्वतःच काढला होता, आणि सांगून झाल्यावर ते डोक्याचं फडकं सोडून भिंतीशी जाऊन बसले.

सकाळी नसीर दुकान न उघडता चाचांकडे गेला. व्हॉल्व्ह त्यांच्यापुढे ठेवला आणि आडपडदा न ठेवता सांगितलं, विहिरीचं पाणी नव्हे, तुमचा हात नव्हे. मारलं ते ह्याने, आणि हा मी लावला. कोणी ओळखलं, असं चाचांनी विचारलं.

"माज्या आब्बांनी. कल्हईवाले हायेत ते."

चाचांनी आपले तळवे पुढे धरले.

"जहाज गोदीत चढलं की बुडाला तांब्याचा रंग मारायचो," ते म्हणाले. "शिंपली धरू नयेत म्हणून. मासे तगायचे, शिंपली मरायची. जीवच चिकटू नये म्हणून. ह्या हातांनी मारलाय, नसीर."

मग दोघांनी एकमेकांची समजूत काढण्यात वेळ घालवला नाही. वाळूतली दोन गेली होती, दगडावर नऊ उरली होती. पण त्यांतली जिवंत किती, ते कळत नव्हतं. चाचांनी ती बादलीभर जुन्या, राखून ठेवलेल्या पाण्यात हलवली. तेवढ्यावर ती चार-पाच दिवस निघतील म्हणाले. पेटी रिकामी केली तर भरायला समुद्राचं पाणी हवं होतं, आणि ते पाठवणारा मस्कतला होता. नसीरने दहा मोकळे कॅन बांधले, पुणे गाठलं आणि मासळी उतरवून श्रीवर्धनला परतणाऱ्या ट्रकमध्ये बसला.

त्याने तोवर समुद्र बघितला नव्हता. बघितला तेव्हा बघत बसायला सवड नव्हती. खाडीपासून लांब, भरतीचं पाणी घे, असं चाचांनी बजावलं होतं. कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून तो कॅन बुडवत होता, लाट त्याला ढकलत होती, ओढत होती, पुन्हा ढकलत होती, आणि पाईप, पंप, भोकं असलं काहीही नसताना हे सगळं चाललं होतं याचा मिस्त्री म्हणून त्याला थोडा रागच आला. दहावा कॅन भरेपर्यंत त्याचे ओठ फुटले होते. तिसऱ्या दिवशी दुपारी तो दहा कॅन आणि खरचटलेले पाय घेऊन पौडला उतरला.

येताना पुण्यातून त्याने कूलरचे दोन प्लॅस्टिकचे पंप आणले होते आणि लेथवाल्याकडे बसून त्यांचे दांडे स्टीलचे करून घेतले होते. खेळण्यातले वाटावेत असे पंप. त्यांच्याच्याने पाणी चढेना. मग त्याने वाट सोपी केली : वळणांवरचे चार एल्बो काढून टाकले, पाईप निम्मा कापला, टब विटांवर ठेवून वर उचलला. व्हॉल्व्ह कुठेच घातला नाही. आता पाणी दणक्याने नव्हे, पण रुंद, सलग वाहायला लागलं. चाँदबी चहा घेऊन आली. कप तिने हळू ठेवला.

दगड पेटीत ठेवला. पहिला दिवस गेला, दुसरा गेला. नसीर रोज दुकान उघडायच्या आधी जाऊन उभा राहायचा आणि मिटलेले गोळे मोजून परतायचा. तिसरं फूल गळालं, मग चौथं, मग पाचवं. आठव्या दिवशी एकाने तोंड सैल केलं. बाराव्या दिवशी सहा उघडी होती.

त्या संध्याकाळी तो आब्बांना घेऊन आला. फुलं डुलत होती. आब्बांनी आधी टबाकडे बघितलं, पंप बघितले, दांडा वाकून बघितला. मग चाचांना विचारून बाही वर सारली, हात पाण्यात घातला आणि नळीच्या भोकांसमोर धरून ठेवला. एक फूल त्यांच्या बोटाला लागलं आणि चिकटून राहिलं. आब्बांनी बोट हलवलं नाही.

"सहा वाचवलीत तुम्ही, अलाउद्दीनभाई," हाफीजचाचा म्हणाले. त्यांचा आवाज पुन्हा एस्टी स्टँडापर्यंत जायला लागला होता.

"म्या कुटं काय केलं," आब्बा म्हणाले. "दोन वर्सांनी काम आलं हुतं. त्ये न्हाई म्हनलं. येवढंच."

चाचांना नीट ऐकू आलं नसावं. त्यांनी प्रश्नार्थक नजरेने नसीरकडे बघितलं. आब्बांनी हात बाहेर काढला तेव्हा नसीरने खांद्यावरचा टॉवेल घेतला आणि तो हात एकेक बोट करून पुसला.