नाकात कोंबलेली पोटली

मी शिरवण्याच्या गंगारामशेठची जीप बोलतेय. गाडीला तोंड नसतं असं माणसांना वाटतं. तिला नाक असतं, हे तर त्यांच्या गावीही नसतं. माझं सगळं रामायण त्या नाकातच घडलं.

ऐन उमेदीची वर्षं माझी सरकारी खात्यात गेली. नव्या शहरासाठी ताब्यात घ्यायच्या जमिनी मोजणारे साहेब माझ्यातून हिंडायचे. गंगारामशेठची भातखाचरं मोजली, तेव्हा नकाशे माझ्याच बॉनेटवर पसरले होते. पुढे शहर वसलं, साहेब नव्या गाडीत बसले आणि मी लिलावात निघाले. घेतलं कुणी? गंगारामशेठनेच! ज्या गाडीतून शेतं गेली, तिच्यातच बसून मिरवायचं. हौसेला मोल नसतं म्हणतात, ते उगाच नाही.

मला नवा रंग लागला, हार पडला. शेठच्या बायकोने, गोजराबाईंनी, दृष्ट काढली. मीठ, मोहरी, मिरच्या ओवाळून काळ्या फडक्यात बांधल्या. मग इकडेतिकडे पाहून बॉनेट उघडलं. इंजिनाला हवा पुरवणारा एक गोल डबा असतो, त्याची सोंड म्हणजे माझं नाक. बाईंनी पोटली थेट त्यात खुपसली. नजर म्हणे तोंडानाकातूनच शिरते! आणि अशी पोटली कुणाला सांगितली तर तिचा गुण जातो, म्हणून बाईंनी तोंडातून अवाक्षर काढलं नाही.

मला दम लागू लागला. बाई म्हणाल्या, "कुनाची तरी नजर लागली हाय हिला." आणि दुसरी पोटली आत गेली. मग काळा धूर निघू लागला, तेव्हा तिसरी. शेवटी सिग्नलला उभी राहिले की माझं अंग धडधडायचं आणि मी बंद पडायचे. म्हणून चौथी. दुखणं तेच आणि औषधही तेच, अशी ही बाईंची डॉक्टरकी.

पुरुषांची अक्कल तरी कुठे वेगळी होती? शेठचा मेव्हणा जयप्रकाश लांबूनच नाक उडवून म्हणाला, "पेट्रोलमदी रॉकेल हाय." झालं, पेट्रोल भरायचा पंप बदलला. महाप्याचा फजल मेकॅनिक तर स्वतःला धन्वंतरी समजायचा. तो यायचा, तो डबा न बघताच काढून बाजूला ठेवायचा, त्यावर चहाचा ग्लास मांडायचा आणि कार्बोरेटरचे स्क्रू पिळायचा. डबा निघाला की मी गाऊ लागायचे. "बगा शेठ, कशी वाजतेय!" फजल छाती फुगवायचा. मग डबा परत बसवायचा, आणि कोपऱ्यावर मी पुन्हा बंद. डबा काढला की बरी, लावला की आजारी, हे लहान पोरालाही कळलं असतं. पण ह्यांना आपण हुशार आहोत याची खात्री होती, तिथे कोण काय करणार!

तेवढ्यात शेठच्या नमिताचं लग्न ठरलं. ही पोर माझ्यावरच गाडी चालवायला शिकली. तिने हट्ट धरला, "बाबा, मी सासरी जानार तर आपल्या जीपमदूनच." शेठ माझ्या चाकाला लाथ मारून म्हणाले, "वरातीत बंद पडली ना, तर दुसऱ्या दिवशी भंगारात घालीन."

लग्नाच्या सकाळी फजलने प्लग पुसले, स्क्रू पिळले, डबा लावला. संध्याकाळी बँड वाजू लागला आणि त्या सावकाश चालीत मी धडधडून बंद पडले. ढकललं, पुन्हा बंद पडले. वरपक्ष हसला. शेठचा चेहरा पडला, त्यांनी पाहुण्यांची भाड्याची पांढरी गाडी पुढे बोलावली. नमिता उतरली. माझ्या बॉनेटवर हात ठेवून ती रडली. इतकी शरम मला लिलावातही वाटली नव्हती.

पांढऱ्या गाडीचा ड्रायव्हर बॉनेट उघडून पाणी आणायला गेला होता. गोजराबाई माझ्यापाशी आल्या. "पोर त्या गाडीनं जाते, तर राखन तिला नको?" असं पुटपुटत त्यांनी माझ्या नाकातल्या चारही पोटल्या ओढल्या आणि पदराआडून त्या गाडीच्या नाकात कोंबल्या!

पांढरी गाडी काळा धूर ओकत चार घरं गेली आणि मेली. शेठ हताश होऊन माझ्याकडे आले, किल्ली फिरवली. मी पहिल्याच फटक्यात सुरू झाले. नमिता धावत येऊन बसली आणि मी तिला बँडच्या चालीने, एकही ठसका न देता, सासरी पोचवलं.

"शेवटी माझाच हात लागला!" फजल म्हणाला. "पंप मीच बदलाय लावलेला," जयप्रकाश म्हणाला. गोजराबाई मात्र माझ्यावरून कडाकडा बोटं मोडत होत्या.

मी भंगारातून वाचले. आता शेठच्या अंगणात उभी असते. येणारा-जाणारा म्हणतो, काय वाजते हो जीप! आणि तिथेच खरा धोका असतो. कारण ओट्यावर बसून बाई ते सगळं ऐकतात. आज त्यांनी माझ्यावरून मायेने हात फिरवला. "किती नावाजतात ग तुला. नजर लागंल," म्हणाल्या आणि काळं फडकं शोधायला आत गेल्या.

वाचणाऱ्यांनो, शिरवण्याकडे कुणी येणार असाल तर त्या माउलीला एवढंच सांगा, पोटली बांधायची तर चाकाला बांधा, पण श्वास मोकळा ठेवा. आणि जरा लवकर या. बाई बाहेर आल्या आहेत, आणि इकडेतिकडे पाहताहेत.