कानातली शिट्टी

दीड वर्षापासून ट्यूनरच्या डाव्या कानात एक बारीक शिट्टी वाजत होती आणि हे त्याने घरात कुणाला कळू दिलं नव्हतं. सांगणार तरी काय? पियानो सुरात लावून पोट भरणाऱ्या माणसाचा कान गेला म्हणजे धंद्याला कुलूपच की. डॉक्टर म्हणाला होता, याला औषध नाही, सवय करून घ्या. सवय म्हणे! कानात अष्टौप्रहर शिट्टी, आणि हा शहाणा सांगतो सवय करून घ्या.

तसं त्याने कसंबसं निभावून नेलं होतं. पण सभागृहातल्या, त्यानेच लावलेल्या मोठ्या पियानोवर त्याच्या लेकीचा कार्यक्रम झाला आणि पितळ उघडं पडलं. अगदी वरच्या पट्ट्या चढ्या लागल्या होत्या. लोकांनी टाळ्या वाजवल्या, पण लेकीचा चेहरा पडला होता. घरी येताना गाडीत ती एवढंच म्हणाली, "बाबा, वरचे सूर तू कशाला धरून लावलेस?"

उत्तर त्याला त्याच क्षणी कळलं. वरच्या तारा ताणताना एका जागी कानातली शिट्टी तारेच्या आवाजात बुडून जायची. जिवाला हायसं वाटायचं. त्या हायसं वाटण्यालाच तो सूर समजत आला होता. पियानोची सगळी वरची बाजू त्याने आपल्या दुखण्याशी जुळवून ठेवली होती.

गाडी कडेला घेऊन त्याने लेकीला सगळं सांगून टाकलं. सांगताना रडलाही, त्यात काय लपवायचं. सभागृहाच्या व्यवस्थापकबाईंनी पुढच्या कार्यक्रमाआधी एक संधी दिली. "नाही जमलं तर आम्हाला दुसरं कुणीतरी बघावं लागेल," त्या म्हणाल्या.

लेक त्याला भंतेंकडे घेऊन गेली. ती अधूनमधून तिथे ध्यानाला बसायची. लॉन्ड्रीच्या वरची खोली, खाली कपड्यांची यंत्रं घरघरतायत आणि वर माणसं डोळे मिटून बसलीयत, असा सगळा थाट. ट्यूनरने नाक मुरडलं, पण बसला.

"मला हा आवाज बंद करायचाय," त्याने सांगून टाकलं.

"कसा आहे तो?" भंतेंनी विचारलं.

"कसा म्हणजे? सारखा वाजतो."

"मधे थांबत नाही?"

"छे."

"नीट बघितलंत?"

ट्यूनरची सटकली. दीड वर्ष मी दुसरं काय करतोय, असं अगदी ओठांवर आलं होतं. भंते हसले. "आधी श्वासाकडे बघा. मन स्थिरावलं की मग त्या आवाजाकडे. तो हवासा करायचा नाही आणि नकोसाही करायचा नाही. आहे तसा असू द्या."

बोलायला काय जातंय! पुढचे कित्येक दिवस नुसता वैताग. श्वास जरा सापडला की मन उठून पळायचं, गुडघे कुरकुरायचे, आणि हा चोरून कानोसा घ्यायचा, कमी झाली का, कमी झाली का. तितकी ती जोरात वाजायची.

"तुझ्या भंतेंनी वाढवून दिली," तो लेकीवर खेकसला.

"तू तिला हाकलायला बसतोस, बाबा. नुसता बस की."

मग एका सकाळी, कसं कोण जाणे, हाकलायचं राहून गेलं. तार ऐकावी तशी त्याने शिट्टी ऐकली, आणि ती एक नव्हतीच. बारीक बारीक आवाज उमटत होते आणि उमटल्या उमटल्या विरत होते, आणि दर दोन आवाजांच्या मधे केसाएवढी फट होती. त्या फटीत इतकं शांत होतं की त्याच्या अंगावर काटा आला. आनंदाची उकळी फुटली, तीही आली आणि ओसरली. खालची घरघर, कुणाचं खोकणं, शिट्टी, सगळं येत होतं, जात होतं, त्याला न विचारता. एवढं अफाट काहीतरी आपल्याच डोक्यात चाललंय आणि आपण नुसते त्याच्याशी भांडत बसलो होतो! बाकीचे उठून गेले तरी तो जागचा हलला नाही.

सभागृहात त्याने काम सुरू केलं तेव्हा लेक पहिल्या रांगेत बसली होती. दोन तारा नीट जुळल्या नसल्या की एकत्र वाजताना आवाज डुलतो, जुळत आल्या की डुलणं मंदावतं आणि थांबतं. खालचे सूर त्याने असे सहज लावले. वर आला, तार ताणत गेला, आणि ती जुनी जागा आली. शिट्टी बुडाली. सगळं अंग म्हणू लागलं, हीच, हीच, थांब. ते सुख त्याने उमटताना पाहिलं. केवढं गोड होतं ते! मग त्याने तार हळूच उतरवली.

शिट्टी परत आली, पहिल्यासारखीच. त्याने तिला येऊ दिलं. ती वाजत असतानाच तारांचं डुलणं मंदावलं, आणखी मंदावलं आणि थांबलं.

लेकीने येऊन वरच्या पट्ट्या एकेक करून वाजवल्या, पुन्हा वाजवल्या. "बाबा, लागलाय," ती म्हणाली. "म्हणजे थांबली ना शिट्टी?"

"नाही गं. वाजतेय ना."

तिने पुढे होऊन आपला कान त्याच्या कानाला लावला आणि बराच वेळ ऐकत राहिली. "मला तर काहीच ऐकू येत नाही."

"कसं येईल? तिला ऐकायला मी एकटाच आहे," तो म्हणाला, आणि आपल्या आवाजातली माया ऐकून त्याचं त्यालाच नवल वाटलं.