औषधं काही चालू आहेत?

तर झालं काय, लॉन्ड्रीत कामाला असलेल्या, ताईच्या धाकट्या भावाने ओली चादर झटकली, नुसती झटकली हं, आणि मनगटातून कट् असा आवाज आला! आता आवाज म्हटलं की याची पंचाईत. फार पूर्वी याला नको नको ते आवाज ऐकू यायचे, तेव्हापासून रोज जेवणानंतर एक गोळी. त्यामुळे हा तसाच उभा. कट् खरंच झालं, की डोक्यात झालं?

शेजारी इस्त्री करणाऱ्याला विचारलं, "तू ऐकलंस?"

"ऐकलंस काय विचारतोस, हात बघ, सुजून उशी झालीय नुसती!"

एवढं दुखत असूनही याला हायसं वाटलं.

ताई धावत आली, हाडांच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. बाईंनी एक्स-रे पाहिला आणि कपाळाला आठ्या.

"पडला नाहीस, आपटला नाहीस. चाळिशीच्या आत चादर झटकून हाड मोडतं कुठे? औषधं काही चालू आहेत?"

"काहीच नाही," ताई पटकन म्हणाली. ती सगळीकडे हेच म्हणायची. दातांच्या डॉक्टरांना, शेजारणीला. चष्म्याच्या दुकानात तर कुणी विचारलंही नव्हतं!

"आणि मागे खोकताना बरगडी मोडली, तेव्हा?" बाईंनी जुने कागद चाळत विचारलं.

"तेव्हाही काहीच नाही."

धाकटा एकदा ताईकडे बघतो, एकदा बाईंकडे. काहीच नाही, मग हाडं का मोडतायत? शेवटी राहवेना.

"आहे. डोक्याची गोळी. रोज. कित्येक वर्षं."

ताईचा चेहरा खर्रकन उतरला.

"अहो, हे आधी सांगायचं ना!" बाई म्हणाल्या. "यातल्या काही गोळ्या वर्षानुवर्षं घेतल्या की काहींची हाडं ठिसूळ होतात. आपण तपासण्या करू, उपायही आहेत. पण गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही. कळलं?"

याने मान हलवली. कळलं कुठलं! जी डोकं सांभाळते तीच हाडं पोखरते? घेतली तर कट्, नाही घेतली तर ते आवाज. मग बाजू घ्यायची कुणाची?

जेवण झाल्यावर ताई पाण्याचा पेला घेऊन समोर. दुसऱ्या हातात गोळी.

"घेतोस ना रे? मी आता कुणापुढे लपवणार नाही, शप्पथ."

त्याने गोळीकडे पाहिलं, प्लॅस्टरकडे पाहिलं, डाव्या हाताने गोळी तोंडात टाकली.

"उद्या मनाच्या डॉक्टरांना फोन लाव, हाडांच्या बाईंना जोडून दे. आणि स्पीकरवर ठेव. काय बोलतात ते मलाही ऐकायचंय."

ताईला हसावं की रडावं कळेना. त्यालाही.