कोरडे तांदूळ

त्रिंबकरावांना देवाने बुद्धी बेताचीच दिली होती, पण आवाज सढळ हाताने दिला होता. सोसायटीचं चेअरमनपद त्यांना त्या आवाजावरच मिळालं होतं आणि घरही त्यावरच चालायचं. मंठ्याजवळच्या त्यांच्या गावात ते नुसते खाकरले तरी गोठ्यातली शेळी रवंथ थांबवायची, तिथे घरातल्या बायकांची काय कथा!

सून वर्षाराणी मंठ्याच्या ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवायची. घरात मात्र तिने तोंड मिटूनच राहायचं, अशी रीत होती.

चतुर्थीला सगळे राजूरच्या गणपतीला जाऊन आले आणि दुसऱ्या दिवशी सासूबाईंची, साखराबाईंची, सोन्याची पोत सापडेना. त्रिंबकरावांनी सकाळीच अंगणात दरबार भरवला. गल्लीला आयतंच बोलावणं मिळालं. त्यांनी ताटात तांदूळ घेतले, डोळे मिटून त्यावर काहीतरी पुटपुटले आणि गरजले, "पोलिसाचं काय काम न्हाई. ही बापजाद्याची रीत हाये. तांदूळ चावायचे आन् पानावर थुकायचे. चोराचे बराबर कोरडे निघत्यात. जिचे कोरडे निघतील, तिचा भाऊ येऊन तिला आजच घेऊन जाईन."

'जिचे' म्हणाले, 'ज्याचे' नाही. वर्षाराणीने ते ऐकलं आणि तिला या माणसाची किळस आली. निकाल आधी लावून मग चौकशी करणारा उंटावरचा शहाणा!

पहिला नंबर तिच्या नवऱ्याचा, परमेश्वरचा. गुटख्याने त्याच्या तोंडाला सदा पाणी सुटलेलं. त्याने थुंकलेल्या तांदळाचा चिखल झाला होता. "पाक हाये पोरगं," त्रिंबकराव म्हणाले. पाक पोरगं बायकोकडे न बघता भिंतीला टेकलं. बाप बोलत असताना तोंड उघडायची त्याची हिंमत नव्हती. एवढा मोठा घोडा, पण पाठीला कणा नाही, असं तिला वाटलं.

मग ताट तिच्यापुढे आलं. साखराबाई चौकटीत उभ्या होत्या. त्यांचे ओठ नुसतेच हलत होते.

वर्षाराणीला या रीतीतली मेख पाठ होती. दरवर्षी ती फळ्यावर लिहायची : स्वायत्त चेतासंस्था. माणूस घाबरला की शरीर पळायच्या तयारीला लागतं. छाती धडधडते, तळहात भिजतात, पोटाचं काम थांबतं, लाळ आटते. घाबरलेला चोर आहे की साव, हे त्या नसांना कळत नाही. 'स्वायत्त म्हणजे आपल्या बापाचंही न ऐकणारी,' असं ती म्हणायची आणि वर्ग हसायचा.

आज तिच्या नसांनी तिचंही ऐकलं नाही. सासरा तिच्या चेहऱ्यापाशी वाकून "चाव! चाव जल्दी!" असं ओरडत होता आणि जीभ टाळूला चिकटली होती. न्यायला आलेल्या भावाची खाली गेलेली मान तिला आताच डोळ्यांपुढे दिसत होती. तिने थुंकलेले तांदूळ पानावर खडखडत पडले.

"कोरडे!" त्रिंबकरावांनी पान गल्लीला दाखवलं. "शिकेल बाई हाये म्हणं!"

तेवढ्यात तिची भीती सरली आणि संताप आला. सगळ्यात जास्त राग तिला स्वतःच्या त्या वेडगळ तोंडाचा आला होता. तिने ताट उचललं आणि सासऱ्यांपुढे धरलं.

"मामा, आता तुम्ही."

"म्या? घरच्या मालकाची परीक्षा?"

"पोत घरातून गेली. तुम्ही घरातलेच ना?"

गल्लीत खसखस पिकली. एक म्हातारी म्हणाली, "खा की बापा, भ्यायलास का?" आता माघार घ्यायची सोय नव्हती. त्रिंबकरावांनी मिशीला हात लावून घास भरला. वर्षाराणी अगदी त्यांच्यासारखीच वाकली, त्यांच्या डोळ्यांत डोळे घालून. "चावा मामा, जल्दी. सगळी गल्ली बघून राह्यली."

त्यांचा जबडा हलायला लागला, मग अडखळला. कपाळावर घाम आला. एवढ्या डोळ्यांनी त्यांच्याकडे असं कधी बघितलंच नव्हतं. शेवटी ते थुंकले. तांदूळ ताटातल्यासारखेच पांढरेफेक.

गल्ली माना उंचावून पानाकडे बघायला लागली. मग म्हातारीच म्हणाली, "अगं बाई! ह्येच का?"

त्रिंबकरावांनी तोंड उघडलं, पण आवाज फुटेना. गल्ली कुजबुजत पांगली आणि ती कुजबुज पारापर्यंत गेली.

स्वयंपाकघरात साखराबाईंनी तिचा हात धरला. "पोत तुरीच्या कोठीत हाये गं. राजूरला जाताना म्याच ठेवल्ती. सकाळधरनं सांगावं म्हणून राह्यले, पर ह्यांचा आवाज आला का माही जीभच वळत न्हाई." त्या रडकुंडीला आल्या होत्या. "आता जाऊन सांगू का समद्याइला?"

कोरड्या तांदळाने कुणी चोर ठरत नाही, हे त्या गावात वर्षाराणीइतकं कुणाला ठाऊक होतं? तिने खिडकीतून अंगणात पाहिलं. त्रिंबकराव तांब्यामागून तांब्या पाणी पीत बसले होते.

"सांगू की, आत्याबाई," ती म्हणाली आणि चहाचं आधण ठेवलं. "उद्या सांगू."